चार बोटं गिलावा

शहरात नळाची धार बारीक झाली की लोक आधी नळाला शिव्या घालत, मग पाणीपुरवठा खात्याला, आणि तेवढ्यानेही समाधान झालं नाही की दरसालकाकांना. काका त्या खात्यात गवंडी होते. दरसाल हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण कमानींवरून येणाऱ्या पाटाला एका ठरावीक जागी दर वर्षी भेग पडायची, दर वर्षी काका ती बुजवायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकेचाळीस वर्षं हे चाललं, तर लोक दुसरं काय म्हणणार?

बरं, पाट सोडून द्यावा तर तीही सोय नव्हती. शहर वसलेलं काळ्या कातळावर. विहीर खणायला घेतली की पुरुषभर खोलीवर पहार ठणठण वाजायला लागे, आणि पाऊस कितीही पडो, पालथ्या घड्यावर पाणी. दरीपलीकडचा डोंगर मात्र चुनखडीचा, आतून पोखरलेला. तो सगळा पाऊस पोटात घेई आणि पायथ्याच्या झऱ्यांतून वर्षभर सोडत राही. कोण्या शहाण्यांनी फार पूर्वी दरीवर कमानी बांधून ते पाणी इकडे आणलं. काकांची भेग झऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या कमानीवर. चुनखडी संपून कातळ सुरू होतो, बरोबर त्या जागी.

भेग बुजवण्यात यश नसेल, पण काकांचा गिलावा बघत राहावा असा. दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचं, पुन्हा बघायचं, आणि मग रंधा असा फिरवायचा की जुनं कुठे संपलं नि नवं कुठे सुरू झालं ते माशीलाही कळू नये. "फुटते ती फुटो," ते म्हणत, "पण माझी भिंत वाकडी दिसता कामा नये."

लोकांच्या चिडवण्याचा काकांना फारसा त्रास नव्हता. त्रास झाला तो त्यांच्या लेकीला. "तुझे बाबा सिमेंटमध्ये कणीक मिसळतात का गं?" हे तिने शाळेत इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ती इंजिनियर झाली, त्याच खात्यात लागली आणि हट्टाने तेच काम मागून घेतलं. भेग कायमची बंद! भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी सळ्यांनी जखडणारा काँक्रीटचा जाडजूड पट्टा तिने आखला. तिचं पहिलं स्वतंत्र काम. सळ्या बांधून झाल्या होत्या, गुरुवारी काँक्रीट ओतायचं होतं. बाबांच्या हाताला यश नाही असं ती तोंडाने कधी म्हणाली नव्हती. पण तिला तसं वाटतं हे काकांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना आत कुठेतरी फार लागलं होतं.

रविवारी संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. काका चष्मा नाकावर ओढून वाकले.

"भिंत दोन्हीकडे सारख्याच जाडीची दाखवलीस?"

"आहेच सारखी. मी मोजलीय."

"बाहेरून मोजली असशील. शहराकडच्या अंगाला माझा चार बोटं गिलावा आहे."

"चार बोटं? बाबा, गिलावा बोटभर असतो."

"पहिल्या वर्षी बोटभरच होता. पण डोंगराकडची भिंत जरा पुढे दिसायला लागली. म्हणून इकडे दर वर्षी थोडा चढवत गेलो, दहा हात लांबीत उतरता, म्हणजे डोळ्याला खुपत नाही."

लेकीच्या हातातली पेन्सिल थांबली. "पुढे दिसायला लागली म्हणजे?"

"म्हणजे... येते पुढे. जराजराशी."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"कुणी विचारलं?"

"मला सांगितलं असतंत," ओट्याजवळून आई म्हणाली, "तर मीही सांगितलं असतं, भिंती चालत नसतात म्हणून."

सोमवारी लेक मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब स्वतः जाऊन भिंत बघून आले आणि हसत म्हणाले, "सरळ आहे की रेघ मारल्यासारखी! भेग बुजवता येईना म्हणून डोंगर हलतो? नाचता येईना, अंगण वाकडं! गुरुवारी ओता."

भिंत सरळ होती हेच तर दुखणं होतं. काकांची कारागिरीच काकांविरुद्ध साक्ष देत होती. लेकीलाही आता शंका यायला लागली: बाबांना वयामुळे असं वाटत असेल का?

बुधवारी सकाळी काका छिन्नी-हातोडा घेऊन कमानीवर चढले. लेक मागोमाग. त्यांनी भिंतीवरून एकदा तळवा फिरवला. एकेचाळीस वर्षांत नाव घेण्यासारखं जे काही त्यांनी केलं होतं, ते एवढंच होतं. मग छिन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला.

जुन्या वहीची पानं सुटावीत तसे गिलाव्याचे थर सुटत गेले. दुपारपर्यंत मूळ दगड उघडा पडला, आणि दोघंही बघतच राहिली. एका रांगेत रचलेले दगड भेगेपाशी तुटून सरळ पुढे सरकलेले होते, पायरी असावी तसे. लेकीने टेप लावली. ब्याऐंशी मिलिमीटर.

"वर्षाला दोन," ती हळूच म्हणाली. "बाबा, ज्या फटीतून झरे वर येतात ना, तीच फट खालून गेलीय. डोंगर तिच्या कडेने सरकतोय. कधीतरी मोठा हिसका देईल. माझा पट्टा दोन्ही अंगांना धरून बसला असता आणि जाताना अख्खी कमान घेऊन गेला असता."

ती धुरळ्यातच बसली.

"मला शाळेपासून वाटायचं, तुमचंच काम कच्चं आहे."

"माहितेय मला."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मलाही तसंच वाटायचं गं," काका म्हणाले, आणि छिन्नी पुसत बसले.

संध्याकाळी साहेबांनी ती पायरी पाहिली. त्यांच्याकडे दुसरी म्हण नव्हती. पट्टा रद्द झाला. सळ्या कापून काढल्या आणि भेगेच्या जागी लेकीने रबराचा सैल जोड बसवला, डोंगराने हवं तेवढं सरकावं असा. तो थोडा ठिबकायचाच. "बापाला जमलं नाही, लेकीलाही नाही," असं लोक म्हणायचे ते म्हणालेच. काकांना वेगळंच सोसावं लागलं. जोडाभोवतीची भिंत वाकडी तशीच ठेवायची होती, सरकलेली दिसावी म्हणून. ते तिथून जाताना दुसरीकडे बघत.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी धरणी हलली. फळीवरची भांडी खाली आली, शेजारच्या कुंपणाची भिंत आडवी झाली. शहरात कुणी दगावलं नाही हे कळताच काका या वयात धावत सुटले. कमानीवर पोचले तर लेक आधीच तिथे, जोडावर हात ठेवून रडत होती.

"गेला?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि खाली बोट दाखवलं. डोंगराकडचे दगड आणखी वीतभर सरकले होते. जोड पिळवटून तिरपा झाला होता, आणि त्यातून पाणी ठिबकत, फुरफुरत, शहराकडे निघालं होतं.

इतक्यात तिचा फोन वाजला. आई होती.

"सुखरूप आहात ना दोघं? अगं, आणि बाबांना सांग, नळाला अगदी गढूळ पाणी येतंय! शेजारपाजारचे सगळे बोंबलतायत."

काकांनी फोन हातात घेतला. त्यांना बोलायचं होतं, पण हुंदकाच आधी आला.

"येतंय ना?" शेवटी ते म्हणाले. "मग गाळून घे."