महेंद्रचं पहिलं ‘नको’

माझा मुलगा महेंद्र याला लहानपणापासून नाही म्हणता येत नाही. शाळेच्या एकाच गॅदरिंगमध्ये तो तीन नाटकांत होता, कारण तिघांनी विचारलं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्याला लागला, तर महिन्याभरात भजनी मंडळातही गेला आणि क्रिकेटच्या संघातही. त्याला ना गाता येतं, ना खेळता. दारूही अशीच सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, घे रे थोडी. पुढे कुणी म्हणेनासं झालं तरी तो घेतच राहिला. शेवटी, पुन्हा पिऊन आलास तर येऊच नकोस, असं कारखान्यातून बजावलं.

डॉक्टरांनी दारू सोडणाऱ्यांच्या एका गटाचा नंबर दिला. महेंद्र करणार नाही, म्हणून मीच फोन केला.

“इथे नाव सांगायचं नसतं,” पलीकडून भारदस्त आवाज आला. “अडचण तेवढी सांगा.”

मी जमेल तेवढा आवाज बदलला. “माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचा मुलगा...”

मग तोच आवाज एकदम नरम झाला. “बाई, महेंद्रला रविवारी घेऊन या. आणि तुमच्या पंपाची वायर मी उद्या बघतो.”

आमचा वायरमन काशीराम. सातवीत त्याला मी मराठी शिकवलं होतं. तो पीत होता हे मला माहीत होतं, सोडली हे नव्हतं. पिण्याची बातमी गावभर होते, सोडल्याची कोण सांगतो?

बैठक बालवाडीच्या खोलीत भरायची. मोठमोठे बाप्ये लहान मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले. महेंद्र मागच्या दाराने पळेल या भीतीने मी मागच्याच पायरीवर बसले. एकेक जण उठून आपली कथा सांगत होता. महेंद्र उठला, “मी महेंद्र,” म्हणाला आणि खाली बसला. मग काशीरामने विचारलं, “दर रविवारचा चहा कोण करील?” सगळे जमिनीकडे बघू लागले. काशीराम महेंद्रकडे बघत राहिला.

“करतो,” महेंद्र म्हणाला.

काशीरामने मागच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता तो गेला नाही तर एवढी माणसं चहाशिवाय राहणार. म्हणजे तो जाणारच.

तो जात राहिला, आणि पीतही नव्हता. मला जरा झोप लागू लागली होती, तेवढ्यात राखण आली.

आमच्या मळ्याला राखणदार देव आहे. वर्षातून एकदा त्याच्या दगडापाशी कोंबडा आणि बाटली द्यायची, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सांभाळ म्हणून विनवायचं. अर्धी बाटली दगडावर, उरलेली प्रसाद म्हणून घरातल्या पुरुषांनी घ्यायची. महेंद्रचे वडील गेल्यापासून आमच्या घरचा घोट त्याचा. आणि बाटली हातात देणारे माझे थोरले दीर, भागोजी भाऊजी. त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

“भाऊजी, यंदा कोकम सरबत ठेवलं तर?” मी विचारून पाहिलं.

“राखणदार काय बारशाला येतोय काय?”

राखणीला काशीरामही आला. त्याचं शेत शेजारीच, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. बायकांनी जवळ जायचं नसतं. मी बांधावर उभी राहिले, आणि तिथूनही मला त्या बाटलीचं बूच दिसत होतं.

भाऊजींनी गाऱ्हाणं घातलं, अर्धी बाटली ओतली आणि महेंद्रपुढे धरली. त्याने घेतली. घेणारच. माझा हात तोंडावर गेला. महेंद्र बाटलीकडे बघत राहिला, मग वाकला आणि उरलेली सगळी दगडावर ओतली.

“मेल्या, काय केलंस?” भाऊजी म्हणाले. “त्याला चढेल ना.”

“मला नको, काका.”

एवढंच बोलला, तेही पायांकडे बघत. भाऊजी दुसऱ्या बाटलीसाठी पिशवीत हात घालणार, तोच काशीराम हात जोडून पुढे झाला.

“बा राखणदारा, तुझी राखण तुला पोचली.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याच्या सुरात कुणी काही बोललं की आमच्याकडच्या पुरुषांच्या तोंडून हे आपोआप निघतं.

“पोरानं सोडलीय, त्याला सांभाळ.”

“व्हय म्हाराजा.”

“त्याला कुणी आग्रह करील, त्याचं तू बघून घे.”

“व्हय म्हाराजा.” भाऊजींचा आवाज सगळ्यांत मोठा.

“आणि भागोजीदादाला रविवारी बालवाडीत यायची बुद्धी दे.”

“व्हय म्हा...” भाऊजी मध्येच थांबले. पण बाकीच्यांनी पूर्ण केलं होतं. देवापुढे बोललेलं मागे घेता येत नाही. पिशवीतला हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

रविवारी भाऊजी आले. “मी फक्त चहाला आलोय,” असं दारातच सांगून एका चिमुकल्या खुर्चीत बसले, आणि उठताना ती त्यांच्याबरोबर उठली.

महेंद्रचं मात्र तेव्हापासून तोंड उघडलंय. भजनी मंडळ सोडलं. मंडळाने आभार मानले म्हणे. परवा जेवताना मी त्याला आणखी भात वाढायला गेले, तर ताटावर हात आडवा धरून म्हणाला, “नको, आई.”

मला जरा रागच आला. तरी पुन्हा एकदा विचारलं, नक्की नको ना?

“नको.”

मी पातेलं खाली ठेवलं.