मधल्या खुर्चीचा मालक आणि बाराशेचा ॲम्प

प्रत्येकाच्या घरात जुन्या वायरींचा एक ड्रॉवर असतो. कुठली वायर कशाची, कुणाला सांगता येत नाही, पण टाकवतही नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत! आज एक ओढायला गेलो आणि गुंताच बाहेर आला.

ग्रुप म्हणजे चार माणसं. कर्वेनगरचे नाना, फिजिक्सचे रिटायर्ड प्रोफेसर. वारज्याचे संपतराव, ज्यांच्या शेतात आता तीन सोसायट्या उभ्या आहेत. आयटीतली केतकी. आणि मी, बिबवेवाडीत झेरॉक्सचं दुकान चालवणारा शिंदे. दर रविवारी सकाळी नानांच्या हॉलमध्ये गाणी ऐकायची, वहिनींचे पोहे खायचे आणि महागडा ॲम्प्लिफायर खरंच चांगला वाजतो का, यावर भांडायचं. पोह्यांवर मात्र आजवर कधी मतभेद झाला नाही.

नानांच्या हॉलमध्ये दोन स्पीकरच्या बरोब्बर समोर एक वेताची खुर्ची आहे. आवाज तिथेच नीट जुळून येतो म्हणे. त्या खुर्चीत फक्त नाना बसतात. एकदा सोसायटीचे चेअरमन वर्गणीला आले आणि नेमके तिच्यातच टेकले.

नाना म्हणाले, "बसा बसा, हरकत काहीच नाही. फक्त जायच्या वेळी जसे उठणार आहात, तसे आत्ताच उठा."

चेअरमननी वर्गणी उभ्यानेच घेतली. मला मात्र ती खुर्ची गेली सात वर्षं खुणावते आहे.

*

माझा ॲम्प बुधवार पेठेतला, बाराशे रुपयांचा. त्यात एफएम आहे, पेनड्राइव्ह लागतो, माइक लागतो, आणि गाण्याबरोबर निळे-लाल दिवे नाचतात. मोठ्या हौसेने नानांना ऐकवायला नेला. नानांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. 

"छान आहे," नाना म्हणाले. "गणपतीत आरतीच्या वेळा अनाउन्स करायला उत्तम."

*

संपतरावांची खरेदीची पद्धत वेगळी. दुकानात सेल्समन वॅट, चॅनेल वगैरे समजावत होता. संपतरावांनी त्याला थांबवलं. "ते राहू दे. वजन किती हाय?"

मग त्यांनी एकेक ॲम्प उचलून पाहिला आणि जो उचलेना तो घेतला! घरी आल्यावर त्याला पेलेल असं टेबलच नव्हतं. शेवटी तो गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवला. नाना ऐकायला गेले आणि चकित झाले.

"खर्जाचा बास काय भरीव येतोय! संपतराव, कोठीवरून हलवू नका. खाली गहू आहे म्हणून हे होतंय."

झालं! तेव्हापासून गहू काढायचे तर दोन माणसं बोलवून ॲम्प उतरवावा लागतो. दोन महिन्यांनी संपतरावांचा नानांना फोन. "नाना, बास कमी झाल्यासारखा वाटतोय बघा."

नानांनी एका शब्दानेही चेष्टा न करता विचारलं, "कोठीत गहू किती उरलाय?"

*

नानांनी स्वतःचा नवा ॲम्प घेतला तेव्हा तर कहर. किंमत ते कुणाला सांगत नाहीत, पण त्या पैशांत वहिनींचं अख्खं स्वयंपाकघर नवं झालं असतं, हे वहिनी सगळ्यांना सांगतात. नवा ॲम्प दोनशे तास वाजला की 'मोकळा' होतो, असं नानांनी कुठेतरी वाचलं. म्हणून तो चालू ठेवून दोघं नऊ दिवस कोकणात गेले. एकच सीडी, फिरून फिरून!

परत आल्यावर शेजारचे काका जिन्यातच भेटले. "नाना, तुमचा ॲम्प मोकळा झाला का ते माहीत नाही. आमचा नातू मात्र आता ती अख्खी सीडी तानांसकट म्हणतो."

*

त्याच ॲम्पवर एकदा माझ्या अंगठीचा ओरखडा उठला. दिसायला भिंग लागेल एवढा. पण नानांनी नियमच केला, की ॲम्पला हात लावायच्या आधी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या.

वहिनी कडाडल्या. "लग्नापासून हातातल्या काढल्या नाहीत, त्या तुमच्या डब्यासाठी काढू?"

शेवटी तह झाला. ॲम्प पुसताना वहिनी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून घट्ट बसवतात. दुसरा कुठलाही डबा पुसताना नाही.

*

आता मुख्य गोष्ट. रोजच्या भांडणाला केतकी कंटाळली. "नाना, ब्लाइंड टेस्ट करू या. चादरीमागे तुमचा ॲम्प आणि शिंदेकाकांचा ॲम्प. ओळखा!"

मी लगेच टाकलं, "नाना, चुकलात तर खुर्ची माझी."

नानांचा हात नकळत कानाकडे गेला. मागच्याच महिन्यात ते गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते, हे वहिनींनी मला सांगितलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. पण सात वर्षं म्हणजे सात वर्षं! नाना शेवटी म्हणाले, "ठीक आहे. दहापैकी एक जरी चुकलो, तरी खुर्ची घेऊन जा."

रविवारी केतकीने मीटर लावून दोन्ही ॲम्पचा आवाज सारखा केला. वायरी बदलायला वहिनी, कारण दोन्ही डब्यांवर त्यांचा सारखाच राग. वाटीत चिठ्ठ्या. वहिनी चिठ्ठी उचलणार, त्याप्रमाणे चादरीमागे वायर जोडणार, मग गाणं. मी घरून खुर्चीसाठी उशी घेऊन गेलो होतो.

नानांनी डोळे मिटले.

"माझा." बरोबर.

"शिंद्यांचा." बरोबर.

"पुन्हा शिंद्यांचा." बरोबर!

दहापैकी दहा! मी आणि संपतराव मनातल्या मनात ओळखत होतो, आम्ही निम्मे चुकलो. केतकीने चिठ्ठ्या दोनदा तपासल्या. संपतरावांनी नानांच्या पायाला हात लावला. "कान हाय का काय हाय! मी उद्याच तुमच्यासारखा ॲम्प घेतो."

मी उशी काखेत मारून निघालो. नाना गेटपर्यंत सोडायला आले. न राहवून मी विचारलं, "नाना, खरं सांगा. कसं ओळखलंत?"

नानांनी मागे वळून पाहिलं. वहिनी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"तुमच्या डब्याला वायर लावताना हिच्या बांगड्या वाजतात. माझ्या ॲम्पला लावताना वाजत नाहीत."

मी उशी या काखेतून त्या काखेत घेतली. "आणि गाण्यात? गाण्यात काही फरक होता का?"

"अहो शिंदे," नाना म्हणाले, "गाणं ऐकायला वेळ कुठे होता?"