कमी हीटची तक्रार

रंगाराव चेन्नईजवळ तांबरमला राहतो. जॉर्ज टाउनमधून माल उचलतो आणि दर आठवड्याला आपल्या जुन्या पिकअपमधून कुन्नूर-उटीच्या बेकऱ्यांना पोचवतो. केकचे खोके, कागदी पेले, बटर पेपर असा तो माल आमच्या कंपनीचा. मी तिथे हिशेबखातं सांभाळतो, त्यामुळे रंगारावाला बरीच वर्षं ओळखतो. खरं तर त्याला ओळखायला एक दुपार पुरते.

तो तंजावरच्या मराठी घराण्यातला. माझी मराठी त्याला पेपरातली वाटते, तसं तो तोंडावर सांगतो. त्याच्या स्वतःच्या मराठीत मात्र एक अडचण आहे, आणि ती त्याच्या तमिळमध्येही आहे. हा माणूस वाक्य पूर्ण करत नाही. "सार, ते लोड, कालचं, तसंच" एवढं बोलून तो गप्प बसतो. यातलं लोड कुठलं, काल त्याचं काय झालं आणि तसंच म्हणजे कसं, हे समोरच्याने ओळखायचं. ओळखता आलं नाही, तर तो आपल्याकडे दयेने पाहतो. मूर्ख माणसाला शिकवता तरी येतं. याला वाटतं, आपलं सगळं सांगून झालं आहे.

पिकअप त्याने कोटगिरीच्या एका माणसाकडून जुनीच घेतली होती, म्हणून तिच्यात हीटर होता. चेन्नईत हीटर असून नसल्यासारखाच. घाटात मात्र त्याची गरज केवळ हातपाय शेकण्यापुरती नसते. पहाटेच्या थंडीत समोरची काच आतून धुरकट होते आणि तिच्यावर गरम हवा सोडली तरच रस्ता दिसतो.

डिसेंबरात तेच झालं. कुन्नूरच्या वर हीटर पूर्ण सोडला, तर नुसती कोमट फुंकर आली. रंगाराव एका हाताने टॉवेलने काच पुसत आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरून चालला होता. शेजारी बायको कनका बसली होती. वसुलीच्या कामात तिचा नवऱ्यावर विश्वास नाही, म्हणून ती नेहमीच बरोबर जाते. एका वळणावर गाडी कठड्याला घासली. आरसा गेला, दार चेपलं. पलीकडे दरी होती.

खाली आल्यावर कनकाने निकाल दिला. काच साफ ठेवणारा हीटर असेल तर गाडी राहील. नाहीतर गाडी आणि हा रस्ता दोन्ही तिच्या भावाला, मुरलीला द्यायचे आणि रंगारावने घरी बसायचं. मुरली तरुण आहे, त्याने आधीच गाडी मागितली होती. रंगारावाला गाडी चालवण्याखेरीज दुसरं काही येत नाही. तेही येतं, असं मी म्हणणार नाही.

तर हा गृहस्थ गाडी घेऊन सुब्बाकडे गेला. सुब्बाचं गॅरेज तांबरम स्टेशनच्या पलीकडे आहे. तिथे जाऊन रंगारावने नेहमीप्रमाणे दोन शब्द टाकले, "हीट कंप्लेंट", आणि चहा प्यायला निघून गेला.

आता चेन्नईत हीट कंप्लेंट या शब्दांचा एकच अर्थ होतो. गाडीला हीट म्हणजे इंजिन तापतं. माणसाला हीट म्हणजे त्याने तेल लावून न्हावं आणि ताक प्यावं. सुब्बाने इथे सगळे करतात तेच केलं. थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप. ती नसली की पाणी सतत फिरतं आणि इंजिन थंड राहतं. इंजिन थंड तर हीटरही थंड, कारण हीटरला ऊब त्याच पाण्याची.

रंगारावने परत येऊन हीटरच्या हवेच्या भोकापुढे हात धरला. दुपारची वेळ होती, हवा गरम लागली. या गावात दुपारी कुठल्याही भोकापुढे हात धरला तर हवा गरमच लागते. "सूपर," तो म्हणाला आणि वर गेला. वर आधीपेक्षा वाईट झालं. तो पुन्हा सुब्बाकडे गेला आणि म्हणाला, "अजून हीट." सुब्बाने रेडिएटरचा पंखा डायरेक्ट केला, म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सुरू, मग गरज असो वा नसो. आता तापमानाचा काटा तळाशी झोपून राहू लागला. रंगाराव तो काटा आमच्या गोदामातल्या हमालांना दाखवत असे. "मद्रासात सगळ्यांच्या गाड्या तापतात. माझी बघा." बिचाऱ्यांना नाइलाजाने बघावं लागे.

शेवटी कनका माझ्या टेबलाशी आली. "सार, तुम्ही एकदा चला हो. हे जातात, येतात, काच तश्शीच. मुरली रोज फोन करतो, किल्ली कधी देतां म्हणून."

मला मोटारीतलं काही कळत नाही. पण एकाच तक्रारीवर दोनदा दुरुस्ती होऊन ती वाढत असेल, तर आधी तक्रार तपासावी, एवढं कळायला मोटार यावी लागत नाही. रविवारी मी कनकाबरोबर गेलो. सुब्बा गाडीखाली होता, रंगाराव स्टुलावर बसून भजी खात होता.

"यांनी तुला काय सांगितलं?" मी सुब्बाला तमिळमध्ये विचारलं.

"हीट कंप्लेंट, सार."

"जास्त की कमी?"

सुब्बा गाडीखालून बाहेर आला. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रंगारावकडे. "कमी हीटची तक्रार घेऊन मद्रासमध्ये कोण येतं, सार? पिशवीत बर्फ घेऊन हिमालयात जाणारा माणूस पाहिलाय का कधी?"

"हीटर कमी," रंगाराव भजं चावत म्हणाला. "तेच तर सांगितलं."

"तुम्ही हीटर म्हणालात? कधी?"

"हीट म्हटलं की हीटर आलाच की. गाडीवाल्याला एवढं कळू नको?"

"अण्णा, घशात दुखतं म्हणून डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतं' म्हणालात, तर तो कुठेही कापेल," सुब्बा म्हणाला. कनका हसली नाही. नवऱ्याच्या हातातला भज्यांचा कागद तिने काढून घेतला.

पुढचं काम सरळ होतं. सुब्बाने नवा थर्मोस्टॅट बसवला आणि पंखा पूर्ववत केला. इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला. एक चटका देणारी, दुसरी कोमट. म्हणजे मध्ये हीटरच्या आतली, गरम पाणी फिरवणारी जाळी तुंबलेली. रंगाराव वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत आला होता. का, असं विचारल्यावर त्याने "पाणी पाणीच" एवढं उत्तर दिलं. जाळी उलट बाजूने धुतली तेव्हा चहासारखं लाल पाणी बाहेर आलं. कूलंट भरून पुन्हा पाहिलं, तर दोन्ही नळ्या सारख्याच तापल्या. काटा मधोमध येऊन थांबला. ते पाहून रंगाराव घाबरला. "सुब्बा, हीट," तो म्हणाला. सुब्बाने बॉनेट बंद केलं.

त्या आठवड्यात दोघं माल घेऊन वर गेली. परत आल्यावर कनका पावत्या द्यायला ऑफिसात आली.

"काच?" मी विचारलं.

"साफ. वळणं सगळी दिसली." तिच्या आवाजात आनंद नव्हता. "मी बोलून बसलें होतें, काच साफ झाली तर गाडी ह्यांची. आतां काय करणार?"

मुरलीने चालवली असती तर तिला जास्त बरं वाटलं असतं, हे दिसत होतं. पण त्या घरात पूर्ण वाक्य बोलणारं एक माणूस आहे आणि ते आपलं वाक्य मोडत नाही.

"मग मुरलीला रंगाराव कळवतील ना?"

"नकों, सार. फोन मीच करीन. तो विचारील, गाडी कधी न्यायची. हे नुसतं 'सरी, बरं' म्हणतील, आणि तो उद्यां सकाळी किल्ली न्यायला दारांत उभा."