तिसऱ्या कपाटाची यादी

माझं अक्षर चांगलं आहे याचा मला फार तोरा होता. त्याच अक्षराने मला एकदा तोंडावर पाडलं.

बी.एड. होऊन मी नगरहून जामखेडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरत आला होता. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली आणि चार सागवानी कपाटं. किल्ल्या मामांकडे. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. मुलांपासून मास्तरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. कपाटांची दारं भरीव लाकडाची, आतलं काही दिसायचं नाही. म्हणून प्रत्येक दारावर बाहेरून सामानाची यादी चिकटवलेली असे. दर जूनला विज्ञानाच्या शिक्षकाने आतलं सामान मोजून नवी यादी लिहायची, खाली सही करायची आणि मामांनी ती जुन्या यादीवरच चिकटवायची. जुनी खरवडली तर पॉलिश जातं, असं कुणीतरी पूर्वी ठरवून ठेवलं होतं. त्यामुळे दारांवर पुठ्ठ्यासारखा जाड थर झाला होता.

माझ्या पहिल्याच जूनमध्ये मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे राहिले. "उघडून देऊ का, बाई? येकेक मोजून घ्या."

"कशाला मामा? यादी आहे की समोर," मी म्हटलं.

चारही याद्या मी दारावर बघून बघून उतरवल्या. रेघा आखल्या, टाकाने ठळक अक्षर काढलं, खाली झोकात सही केली. हेडमास्तरांनी अक्षराचं कौतुक केलं. मामांनी घरून आणलेल्या खळीने याद्या चिकटवल्या. गव्हाचं पीठ त्या वर्षी कुणाला दिसत नव्हतं. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, खळ होती ती.

पुढच्या मार्चअखेर मामा निवृत्त होणार होते. सामान पूर्ण ताब्यात दिल्याचा दाखला असल्याशिवाय त्यांच्या फंडाचे कागद पुढे सरकणार नव्हते, म्हणून मोजणीचं काम माझ्याकडे आलं. या वेळी मी कपाटं उघडली. पहिली दोन बरोबर निघाली. तिसऱ्याच्या यादीत सूक्ष्मदर्शक दोन होते, आत एकच होता. भिंग मात्र एक लिहिलेलं आणि निघाली दोन. पण जास्तीच्या वस्तूबद्दल कोण तक्रार करतं? मी तिकडे लक्षच दिलं नाही.

हेडमास्तरांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं. "बाईंनी जूनमध्ये दोन मोजले, सही केली. किल्ली तुमच्याकडे. मग दुसरा गेला कुठे, मामा?"

"दुसरा मी कंदी बघितलाच न्हाई, सर."

"मग यादी खोटी आहे?"

मामा आता माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. माझी नेमणूक अजून कच्ची होती, एप्रिलमध्ये पक्की व्हायची होती. कपाट न उघडता सही केली हे सांगायची माझी छाती झाली नाही. मामांचा दाखला थांबला.

दोन दिवसांत शाळाभर झालं. मामांची नोकरी बावीस वर्षांची, पण मधल्या सुट्टीत एक शिक्षक चहाचा घोट घेत म्हणाले, "नगरात खपवला असेल." मी माझा कप तसाच ठेवून उठले. मामा रोजच्यासारखे येत होते, बाकं पुसत होते, माझ्यासाठी फडकं आणि खडू काढून ठेवत होते. मला स्वतःची किळस आली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. माझ्या यादीचा कोपरा नखाने उचकटला तर ती अख्खी हातात आली. मिलोच्या खळीने माझं सुंदर अक्षर नीट धरलंच नव्हतं. खाली माझ्या आधीच्या सरांची यादी होती. सूक्ष्मदर्शक दोन, भिंग एक.

"फाडू नका, बाई," मागून मामा म्हणाले आणि ओलं फडकं घेऊन आले.

ते फडकं दाबून धरायचे, मी सुरीच्या पात्याने कागद सोडवायचे. एक कागद म्हणजे एक जून. शाई वेगळी, वळण वेगळं, मजकूर तोच. 'स्पिरिटचा दिवा, झाकण हरवलेले' हा शेरासुद्धा प्रत्येकाने इमानाने उतरवला होता.

"झाकन तर चार सालामागंच घावलं," मामा म्हणाले.

मोजायला म्हणून कपाट कुणीच उघडलं नव्हतं. सहाव्या कागदावर मात्र लिहिलं होतं: सूक्ष्मदर्शक एक, भिंगे दोन. त्याखालच्या कागदावरही तसंच. यादीत या दोन्ही नोंदी एकाखाली एक होत्या. पाचवी यादी लिहिणाऱ्याने आकडे उलटे टाकले आणि आम्ही बाकीच्यांनी ते जपून पुढे नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कागद मी हेडमास्तरांच्या टेबलावर मांडले.

"म्हणजे तुम्हीही कपाट उघडलं नव्हतं?"

"नाही सर."

त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला. मग त्यांनी मामांच्या दाखल्यावर सही केली आणि मला लेखी समज दिली. माझी नेमणूक पक्की व्हायला आणखी एक वर्ष लागलं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी मामा किल्ल्या द्यायला आले. माझ्या मनातलं मी विचारलंच. "मामा, मी कपाट उघडलं नव्हतं हे तुम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी सरांना का नाही सांगितलंत?"

"तुमची आर्डर पक्की व्हायची हुती न्हवं," ते म्हणाले. "माजं काय, मी तर चाललोच हुतो."

मला तिथेच रडू फुटलं. मामा अवघडून किल्ल्या चाचपत राहिले. मग त्यांनी तिसऱ्या कपाटाचं कुलूप काढलं, दोन्ही दारं उघडली आणि म्हणाले, "लिवा, बाई. मी सांगतो."

मी कोरा कागद घेतला. त्यांनी कपाटातलं ते यंत्र दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवलं.

"सूक्ष्मदर्शक," ते म्हणाले, "येक."