गाडीचा भोंगा

सकाळी मोबाइलवर लेकीच्या शाळेचा मेसेज आला, ‘आपली मुलगी शाळेत हजर आहे.’ वाचता वाचता मी थेट तीर्थपुरीच्या माझ्या वर्गात जाऊन बसले.

आम्ही पोरी गावाहून एसटीनं शाळेत जायचो. आम्हाला सोडून परतताना ड्रायव्हरकाका आमच्या शेताजवळ दोनदा भोंगा वाजवायचे. पोरी पोहोचल्या, एवढाच त्याचा अर्थ. तो ऐकला की कापूस वेचणाऱ्या आईचा जीव भांड्यात पडायचा.

एक दिवस भोंगाच बिघडला आणि गाडी मुकाट्यानं निघून गेली. दुपारची हजेरी चालू असताना वर्गाच्या दारात आई उभी. पाय धुळीनं माखलेले, ओटीत वेचलेला कापूस तसाच.

“आज भोंगा वाजला न्हाई बाई, म्हून आले.”

पोरी हसल्या. मी मान खाली घातली. बाईंनी माझं नाव घेतलं.

“हजर,” मी पुटपुटले.

“मोठ्यानं!” बाई म्हणाल्या.

“हजर!”

“बस, जाते मंग,” म्हणत आई आल्या पावली परतली.

आता ती जालन्यात माझ्याजवळच असते. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. “पोहोचली गं नात तुझी.”

तिनं चष्मासुद्धा शोधला नाही.

“आवाज ऐकला का तिचा?”