जाळीची खालची बाजू

राग जिरतो, किस्से मात्र साठत जातात. सोलापुरात माझं सुतारकामाचं दुकान होतं. देव्हाऱ्यांना नि पाळण्यांना नक्षीच्या जाळ्या कापायचो, आणि कामाला इराप्पा होता. मग किस्से साठायला कितीसा वेळ लागणार!

पायाने चालवायची जाळीची करवत नवीनच आणली होती. तिचे दात खाली ओढतात, त्यामुळे लाकूड वरून देखणं दिसतं आणि खालून फाटतं. लेकीच्या सासूला, आमच्या विहीणबाईंना, देव्हारा करून दिला. पहिल्याच दिवशी जाळीच्या कुसळांत त्यांच्या नव्या इरकली लुगड्याचा पदर अडकून फाटला! त्या अक्कलकोटभर सांगत सुटल्या, "व्याह्यांनी देवारा दिलाय का बाभळीचं कुंपाण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इराप्पा, खालून हात फिरवला होतास का?"

"खालचं कोन बगतंय, मालक?"

*

मग ठरलं, वर डिझाइनचा कागद असतोच, फळीला खालूनही एक रद्दी कागद चिकटवून कापायचं, म्हणजे कुसळं निघणार नाहीत. शेजारच्या नरसय्या विणकराकडून सुताला लावायची खळ आणली. इराप्पाने कागद चिकटवला. वरून!

"खालून म्हणालो ना रे!"

"खालनं लावला तर डिझाइन दिसंल कसं?"

*

पुढच्या खेपेला खालून लावला, पण खळीऐवजी सरसाने. जाळी साफ निघाली, कागद काही निघेना. गिऱ्हाईक मला शिव्या घालत वर्तमानपत्रासकट देव्हारा घेऊन गेलं. त्या देवामागे अजून गुळाचे भाव वाचता येतात!

*

नंतर खळ लावून फळ्या अंगणात वाळत ठेवल्या. नरसय्याच्या शेळीने डिझाइनसकट सगळा कागद फस्त केला. मी भांडायला गेलो तर तोच माझ्या अंगावर आला. "खळ माजी, शेळी माजी! तुमचं काय गेलं?"

*

शेवटी कागदाचा नाद सोडला. खालून एक टाकाऊ फळी लावायची आणि दोन्ही एकदम कापायच्या. जे फाटायचं ते टाकाऊ फळीचं फाटेल.

"टाकाऊ कंची?" इराप्पाने विचारलं.

मी ओरडलो, "जिच्यावर डिझाइन नाही ती!"

*

लेकीला मुलगा झाला. पाळणा मी करणार म्हटलं, तर विहीणबाईंचा निरोप आला, "बाजारातला घ्या. तुमच्या कुसळांत आमचा नातू निजायचा न्हाय."

आता इरेलाच पेटलो. जुन्या सागवानाच्या दोनच फळ्या राखून ठेवल्या होत्या, पाळण्याच्या दोन बाजूंना दोन. एकीवर डिझाइन चिकटवून इराप्पाला दिली. बारशाच्या आदल्या दिवशी जाळी हातात आली. खालून हात फिरवला, एक कुसळ नाही! आयुष्यात पहिल्यांदा त्याला शाबास म्हणालो.

"आता दुसरी सागवानी फळी आण."

"ती खाली लावली की, मालक! तिच्यावर डिझाइन कुटं हुतं? एका दमात दोनी झाल्या!"

ती खालची फळी उलटी केली. सगळी फाटलेली, नुसती कुसळंच कुसळं! मी ठोकायची मोगरी उचलली.

माझी बायको मध्ये आली. तिने फळी हातात घेतली, साफ अंगावरून तळवा फिरवला, फाटक्या अंगाला फक्त बोट लावलं.

"ही बाजू पोराकडं," ती म्हणाली, "आन् ही विहीणबाईकडं."