चतुरामावशीच्या ओसरीतली गाडी

बिनचावीच्या गाड्यांवर माझा पहिल्यापासून राग हाय. उमापूरच्या स्टँडजवळ माझं गॅरेज. चावी घातली, फिरवली, गाडी सुरू, यात काय वाईट व्हतं? आता चावीच्या जागी सुपारीएवढं रिमोट आलं. ते खिशात असलं की गाडी मालकाला वळखती, बटन दाबलं की पीपपीप करून सांगती, कुलूप लागलं म्हणून. आन बिघडलं की माणसं येत्यात माझ्या बोकांडी बसायला. पण ते राहू द्या, मला चतुरामावशीचं सांगायचंय.

चतुराबाई आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. आम्ही सगळी तिला मावशी म्हणायचो. आवाज असा खणखणीत, की पोरांना जेवायला बोलवायला घंटा वाजवावी लागायची न्हाई. एकदा हेडमास्तर म्हणले, आज मीठ कमी वाटतंय. तर सगळ्यांदेखत म्हणली, "सर, तुमी पोरांचं गणित बघा, मिठाचं मी बघते." मास्तर बिचारे गप जेवले.

नवरा लवकर गेला. कापूस वेचून, खिचडी शिजवून तिनं पवनला शिकवलं. पवन गेवराईला एका डेअरीत नोकरीला लागला, त्याचं लगीन झालं, यशोधरा सून म्हणून घरात आली. ती नर्सिंग शिकलेली, बोलायला कमी. मंग पवननं ती काळी मोटारसायकल आणली. मावशीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आन म्हणली, "हिला चावीचं भोकच न्हाई! मंग ही ऐकती तरी कुणाचं?"

पवन हसला, घरात गेला आन चुलीपाशी उभा राहून खिशातलं रिमोट दाबलं. भायेर ओसरीत गाडी पीपपीप बोलली. मावशी दचकून उडाली. "मेल्या, जीव घेतोस का म्हातारीचा!" म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आन मंग स्वतःच चारदा बटन दाबून बघितलं. मी तवा तिथंच व्हतो. हसून हसून पोट दुखलं आमचं.

पुढं तीच सवय पडली. सांजच्याला पवन डेअरीतून यायचा, गाडी ओसरीत लावायचा, पाय धुता धुता रिमोट दाबायचा. तो आवाज आला की मावशी तव्यावर भाकर टाकायची. त्याच्या आधी न्हाई. गार भाकर पवनला चालत नव्हती आन मावशीला ती त्याला वाढवत नव्हती.

ऐन कापूस वेचणीत पवनला कावीळ झाली. अंगावर काढली, मंग एकदम वाढली. संभाजीनगरला न्यायला जीप केली, तर गडी आपल्या पायानं चालत जीपमदी बसला. जाताना रिमोट आईच्या हातात दिलं, "गल्लीतल्या पोरांना गाडीला हात लावू देऊ नको" म्हणला. परत आला तो ॲम्ब्युलन्समधून. अरे, काय वय व्हतं त्याचं!

मावशी रडली न्हाई. बायका म्हणल्या, रड गं माय, न्हाईतर छाती फुटंल. तिनं आलेल्यांना च्या ठेवायला सांगितलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी बोलत व्हते, सगळा मांडव हुंदके देत व्हता आन ही खांबाला टेकून गाडीकडं बघत बसली. नंतर कुणी पवनचा विषय काढला की "तो घरी न्हाई" एवढंच म्हणायची आन कामाला लागायची. मला त्या बोलण्याची भीतीच वाटायची.

पण सांज झाली की मावशी चुलीपाशी पीठ मळून बसायची, रिमोट दाबायची, गाडीचा आवाज यायचा, मंग भाकर टाकायची. यशोधरा सगळं बघायची. सवतीसारखं व्हतं ते यंत्र तिला, असं तिनंच एकदा माझ्या बायकोला सांगितलं.

मंग एक दिवस यशोधरा गॅरेजला आली. म्हणली, "दादा, रिमोट बंद पडलं. आत्यांनी कालपासून भाकर टाकली न्हाई. मी केलेली खाईनात. मळलेलं पीठ तसंच आंबलं."

मी मनात म्हणलं, सेल गेला असंल, दुसरं काय. नाण्यासारखा चपटा सेल घेऊन गेलो. रिमोट उघडलं, आतली पितळी पट्टी पुसली, नवा सेल बसवला. रिमोटवरचा लाल ठिपका पेटला. मावशीनं श्वास रोखून बटन दाबलं. गाडी मुकी ती मुकीच.

म्हंजी गाडीचीच बॅटरी बसली व्हती. ती सीटखाली, आन सीट उघडतं रिमोटवर. आता बोला! आडल्यावेळी उघडायला कंपनी एक बारकी लोखंडी चावी देती. ती पवनच्या पेटीत, त्याच्या कपड्यांत व्हती. पेटी तवापासून कुणी उघडली नव्हती. मावशी उठली आन "शेळीला पाणी दाखवून येते" म्हणून परसात गेली. यशोधरानं पेटी उघडली. एक एक शर्ट घडी न मोडता बाजूला ठेवला. मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत उभा राहिलो, दुसरीकडं कुठं बघणार?

बॅटरी गॅरेजला नेऊन भरली, दुसऱ्या दिवशी सांजच्याला बसवली. मावशीनं दाबलं आन गाडी बोलली. चुलीवर लगेच तवा चढला. "बस सोमेश्वर, जेवल्याबिगर जायचं न्हाई." गरम भाकर, लसणाची चटणी.

थोड्याच दिवसांत पुन्यांदा तेच. सेल गेला, बॅटरी बी गेली. मी चिडलो. नवा सेल एवढ्यात जातो का बे? गाडीभोवती फिरून तारा बघाय लागलो, तर डोक्याला काहीतरी लागलं. गाडीच्या हँडलच्या जरा वर भिंतीला खिळा आन त्या खिळ्याला रिमोट टांगलेलं.

"मावशी, हे इथं कावून टांगलं?"

"गाडीचं हाय, गाडीपाशीच राहील. एवढं कळंना व्हय तुला?"

"अगं, ही दोघं जवळ असली की रातंदिस एकमेकांना हाका मारत राहत्यात. त्यातच दोघांचा जीव जातो."

"मंग मारू दे की हाका," मावशी म्हणली.

पण माझा बी स्वभाव असला, सुरू केलं की थांबत न्हाई. म्हणलं, "पवन व्हता तवर गाडी रोज पळायची, पळताना बॅटरी भरायची. आता उभ्या उभ्या मरायलीय ती. एक तर रिमोट लांब ठेवा. तुमच्या दोन खोल्यांत लांब कुठं मिळणार? शेजारी सत्यशीलाबाईकडं ठेवा."

"माझ्या पोराची वस्तू दुसऱ्याच्या घरात?"

"न्हाईतर मंग गाडी रोज चालवा."

"कोण चालवील?"

यशोधरा दारातच उभी व्हती. गेवराईच्या एका दवाखान्यात ती नुकतीच नर्स म्हणून लागली व्हती, रोज काळीपिवळीत कोंबून जायची. हळूच म्हणली, "मी चालवते, आत्या. मला येती. त्यांनीच शिकवलीय."

मावशी अशी कडाडली! "त्याच्या गाडीवर कुणी बसायचं न्हाई! तू बी न्हाई! आन सोमेश्वर, तू गाड्या नीट कर, माणसांची घरं नीट कराय जाऊ नको." मी पाना पिशवीत टाकला आन "तुमची गाडी, तुमचं घर" म्हणून तरातरा निघून आलो.

पुढचे दिवस मावशीनं धड खाल्लं न्हाई. शाळेत खिचडी शिजवायची, पोरांना वाढायची, स्वतः पाणी पिऊन घरी जायची. यशोधरा हाता-पाया पडली, पण काही उपेग न्हाई. गालं बसली, आवाज बसला. हेडमास्तरच मला म्हणले, अहो, पोरांना हाक मारायला आता घंटा लागायलीय.

मंग एका सकाळी मावशी चालत गॅरेजला आली. पदराची गाठ सोडली आन रिमोट माझ्यापुढं ठेवलं. "गाडी नीट कर. पोरगी चालवील."

"मावशी, खरंच?"

"गाडी गप पडलेली बघवंना मला," म्हणली आन च्याला बी न थांबता गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटंच बॅटरी बसवली. यशोधरानं पवनचं हेल्मेट घातलं, त्याचंच जाकीट चढवलं, गारठा व्हता म्हणून. गाडी सुरू केली. मावशी दारात आली न्हाई. आतनंच म्हणली, "सावकाश जा." मी म्हणलं, चला, मिटलं एकदाचं.

सांजच्याला बॅटरी भरली का न्हाई बघायला मी पुन्यांदा गेलो आन ओसरीत बसलो. रिमोट यशोधरासंगं गेलेलं, म्हणून आज मावशी आवाजाची वाट न बघताच आत तव्यावर एक भाकर टाकून दुसरी थापत व्हती. तिच्याशी बोलायला धीर व्हईना. अंधारून आलं. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. यशोधरा आली, गाडी खांबापाशी लावली, रांजणापाशी पाय धुवायला वाकली आन जाकिटाच्या खिशात हात घालून बटन दाबलं. पीपपीप.

आत भाकर थापायचा आवाज थांबला.

मावशी पळत भायेर आली. तिला असं पळताना मी कधी बघितलं नव्हतं. दोन्ही हात पिठानं भरलेले, चेहरा असा उजळलेला, की आई गं! "किती उशीर रं पवन, तवा कवाचा..."

यशोधरा वाकलेली सरळ झाली. काळं जाकीट, हेल्मेट. तिनं घाईघाईनं काच वर केली.

मावशी जागच्या जागी थांबली. इतके दिवस बटन तिच्याच हातात व्हतं, दाबणारी तीच आन ऐकणारी बी तीच, हे तिला ठाऊक व्हतं. आज तिनं काहीच दाबलं नव्हतं. आज गाडी आपसूक भायेरून बोलली व्हती, पवन आल्यावर बोलायची तशी.

मंग ती उंबऱ्यातच खाली बसली. "मेला गं माझा पवन," म्हणली. "यशोधरा, मेला गं आपला पवन." सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. पिठाच्या हातानं कपाळ बडवून घेतलं आन रडली, जी रडली! सत्यशीलाबाई धावत आली, पण जवळ जायचा तिला बी धीर झाला न्हाई. यशोधरा हेल्मेटासकट तिच्याजवळ बसली आन तिला कवळ्यात घेतलं. दोघी तशाच एकमेकीला धरून बसल्या.

आत भाकर करपल्याचा वास सुटला व्हता. मी डोळे पुसत उठलो, चुलीपाशी गेलो आन तवा खाली उतरवला.